थम लागत नाही म्हणून खाडा का?

प्रश्न : लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मी हजेरी बघतो. थमचं, म्हणजे अंगठ्याच्या ठशाने हजेरी घ्यायचं मशीन बसवल्यापासून हमाल आणि डाळ निवडणाऱ्या बायकांची रोज रडारड आहे. पोती उचलून बोटं घासलेली, थम लागतच नाही. माणूस समोर उभा, पण मशीनमध्ये गैरहजर. महिनाअखेर खाडा धरतात. आता मालक पंजा ठेवायचं मशीन आणू म्हणतात. फरक पडेल का? बायका विचारतात, आमच्या हाताचं माप घेऊन काय करणार?
– एक हजेरी कारकून

उत्तर : फरक पडेल, दादा. मी वाळूजला टाइमकीपर होतो, दोन्ही मशीनं हाताळली आहेत. थमचं मशीन बोटावरच्या रेषा शोधतं. बारदान्याने त्या झिजल्या की त्याला काही सापडत नाही. पंजाचं मशीन रेषा बघतच नाही. आधी आपला नंबर दाबायचा, मग पाटीवरच्या खुंट्यांना बोटं भिडवून हात टेकवायचा. कॅमेरा बोटांची लांबी, रुंदी, जाडी घेतो आणि त्या नंबरच्या जुन्या मापाशी ताडतो. घट्टे, भेगा, तुरीची धूळ चालते. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंच्या वसाहतीत याच पद्धतीने प्रवेश देत. अडतं ते बोट सुजलं, पट्टी बांधली किंवा मोठ्या खड्याची अंगठी असली तर. कुणाचं बोट तुटलेलं असेल तर त्याची सोय आधीच वेगळी करा.

बायकांचा प्रश्न अगदी रास्त आहे, हसण्यावारी नेऊ नका. मशीनला हाताचा फोटो साठवावा लागत नाही, मापांचे थोडे आकडे पुरतात. तरी ते आकडे त्यांचेच. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत हाताची मापंही संवेदनशील माहितीत धरली आहेत आणि त्यासाठी लेखी संमती लागते. कागद मराठीत वाचून दाखवा, मगच सही घ्या. काम सोडून गेलेलीची नोंद पुसून टाका.

राहिला खाडा. पगार कापायचा तो माणूस खरोखर गैरहजर असेल तेवढाच. थम न लागणं ही गैरहजेरी नव्हे. मशीन कुठलंही येवो, दाराशी वही ठेवा : नाव, वेळ, ‘मशीनने घेतलं नाही’, खाली तुमची सही. आधी कापलेले पैसेही परत मिळवून द्या. कुठल्या हमालाने कुठली गाडी भरली हे काट्याच्या वहीत असेलच. ती वही मस्टरशेजारी ठेवा आणि मालकांना एकेक तारीख दाखवा.