ओळखीनं बातमी थांबत नाही, छापायच्या आधी एक फोन येतो

प्रश्न असा आहे की मास मीडियाची डिग्री झालीय, पीआरमध्ये म्हणजे जनसंपर्कात जायचंय, तर मीडिया रिलेशन्स आणि पब्लिसिटी शिकायला कोर्स कुठला करावा आणि पत्रकारांशी ओळखी कशा वाढवाव्यात. कोर्सचं नंतर बघू. 'ओळखी' हा शब्द वाचला आणि राहवलं नाही, कारण "एवढ्या ओळखी असून उपयोग काय झाला?" हे वाक्य मी भर मीटिंगमध्ये ऐकून घेतलंय आणि तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्यात मी जनसंपर्क अधिकारी होतो, नाव सांगत नाही. काम बरंचसं ठरलेलं. बॉयलर अग्निप्रदीपन, गव्हाणपूजन, साखरपोती पूजन, वार्षिक सभा, प्रत्येकाची प्रेसनोट काढायची, फोटो द्यायचा, दुसऱ्या दिवशी कात्रणं फाईलला लावून चेअरमन साहेबांच्या टेबलावर ठेवायची. याला आम्ही पब्लिसिटी म्हणायचो. असली बातमी फोटोत जो आहे तो आणि त्याच्या घरचे सोडले तर कोणी वाचत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

मार्चमधली गोष्ट. संध्याकाळी सातच्या सुमारास डिस्टिलरीच्या लगूनचा, म्हणजे सांडपाणी साठवायच्या तळ्याचा, बांध एका बाजूने खचला आणि स्पेंटवॉश, म्हणजे ते सांडपाणी, ओढ्याला लागून नदीकडे निघालं. एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश निघतं, ते नदीत गेलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात, आमच्या भागात हे शाळकरी पोरांनाही माहीत आहे. आमची माणसं वाळूची पोती टाकत होती, जेसीबी लावला होता, पंप लावून पाणी मागे ओढणं चाललं होतं, आणि हे सगळं खरंच चाललं होतं, रात्री दोनपर्यंत.

मी एमडी साहेबांच्या, म्हणजे कार्यकारी संचालकांच्या, केबिनमध्ये बसलो होतो. साडेआठला फोन आला, आमच्या तालुक्याचा बातमीदार. तरुण पोरगा, मानधनावर काम करणारा, पण बातमीला पक्का. फोन टेबलाच्या काचेवर थरथरत चहाच्या बशीपर्यंत सरकला. साहेब म्हणाले, "उचलू नका. काही बोलायचं नाही. सकाळी जाहिरात विभागाला सांगून त्यांना अर्धं पान देऊन टाका, विषय संपला." मी नाही उचलला. सात वेळा आला. मग मेसेज आला: "साहेब, ९.४० ला पान सोडतात. दोन ओळी द्या, तुमची बाजू टाकतो." पान सोडतात म्हणजे छपाईला पाठवतात, त्यानंतर बदल नाही. मी दोन ओळी लिहिल्यासुद्धा. "लगूनचा बांध खचल्याने सायंकाळी सातच्या सुमारास स्पेंटवॉश ओढ्यात गेले. गळती रोखण्याचे काम सुरू आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतींना कळवत आहोत." साहेबांना वाचून दाखवल्या. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी त्या पुसल्या.

सकाळी हेडिंग: नदीत मळीमिश्रित पाणी, कारखाना प्रशासन नॉट रिचेबल. बांध खचला हे त्यात कुठेच नव्हतं, वाळूची पोती नव्हती, कारण ते सांगणारं कोणी नव्हतं. दुपारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं की कारखान्याने रात्रीचा डाव साधून मुद्दाम सोडलं. मेलेल्या माशांचे फोटो आले. तिसऱ्या दिवशी आम्ही लांबलचक खुलासा काढला, तो आतल्या पानावर सिंगल कॉलम आला आणि त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही, बसायचं कारणही नव्हतं. आणि मग ती मीटिंग. "दिवाळीला फराळ देता, सहा जानेवारीला बॅगा देता, एवढ्या ओळखी असून उपयोग काय झाला?" सहा जानेवारी म्हणजे पत्रकार दिन, १८३२ साली त्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं म्हणून पाळतात, आणि आम्ही त्या दिवशी चेन असलेल्या बॅगा वाटायचो.

तर उत्तर हे की उपयोग झाला होता. ओळखीनं बातमी थांबत नाही, थांबावी अशी अपेक्षाही ठेवू नये, ओळख असली की छापायच्या आधी एक फोन येतो. तो आला होता. सात वेळा आला होता. मला जास्त लागतं ते हे की आम्हाला डिप्लोमाला आयव्ही ली शिकवला होता, जनसंपर्काच्या धंद्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात पडली, पन्नासहून जास्त माणसं गेली, आणि अपघात दडवायची रेल्वे कंपन्यांची रीत मोडून कंपनीचं प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या लीनं स्वतःहून निवेदन काढलं आणि बातमीदारांना जागेवर न्यायची सोय केली. पहिली प्रेसनोट म्हणतात ती हीच. परीक्षेत मी यावर दोन पानं लिहिली होती, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा दोन ओळी पाठवता आल्या नाहीत.

म्हणून नोकरी घेतानाच विचारून घ्या की वरचा माणूस जागेवर नसेल किंवा गप्प बसा म्हणत असेल तेव्हा बोलायचा अधिकार कोणाला, आणि ते लेखी घ्या. हे कुठल्या कोर्समध्ये नव्हतं.

बाकी काम शिकायचं तर महिना-दोन महिने एखाद्या पेपरच्या जिल्हा कार्यालयात संध्याकाळी जाऊन बसा, फुकट काम करा. डेस्कवरचा उपसंपादक तुमची प्रेसनोट खालून कापत येतो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की महत्त्वाचं पहिल्या दोन वाक्यांत लिहायची सवय आपोआप लागते. प्रेसनोट पीडीएफ करून किंवा लेटरहेडचा फोटो काढून पाठवू नका, तो बिचारा परत टाईप करत बसेल किंवा सोडून देईल, युनिकोडमध्ये सरळ मेलमध्ये टाका. फोटोखाली डावीकडून कोण कोण ते नाव-हुद्द्यासकट, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायचा तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर छपाईला धुरकट येतो. पाचच्या आत पाठवा. हेडिंग बातमीदार देत नाही, डेस्क देतं, तेव्हा हेडिंगवरून त्याच्याशी भांडू नका. छापायच्या आधी बातमी दाखव असं कधी म्हणू नका. आणि पाकीट कधीच नाही, बॅगसुद्धा नाही, ज्यानं बॅग घेतली तो तुम्हाला फोन करायचा लाजतो आणि ज्यानं नाही घेतली तो तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

कोर्सचं म्हणाल तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स आहे, फी आणि वेळ झेपेल तो करा, भाषा आणि वर्गातली मित्रमंडळी मिळतात, तीच पुढे न्यूजरूममध्ये भेटतात. माझा अनुभव जिल्ह्याचा आहे हेही सांगायला हवं. मुंबईतल्या एजन्सीत सिनेमा, मोबाईल, साबण यांचं काम वेगळं चालतं, तिथे रोज पन्नास पत्रकारांना पिच करावं लागतं, म्हणजे बातमीचा विषय गळी उतरवावा लागतो, आणि आता गावोगावी बूम माईक घेऊन यूट्यूब चॅनेलवाले येतात, त्यांना ९.४० ची वाट बघायची नसते, म्हणजे तुमच्याकडे वेळ अजूनच कमी.

एमडी साहेब रिटायर झाले. मागच्या वर्षी एका लग्नात पंगतीला शेजारी बसले होते. अजून तेच, "त्या पोराला वेळेवर जाहिरात मिळाली असती तर त्यानं छापलं नसतं." मी म्हटलं, साहेब, त्यानं पान सुटेपर्यंत आपल्या दोन ओळींसाठी जागा धरून ठेवली होती.