१९७२ च्या एमजीबीला १५×७ अलॉय आणि २०५/५० टायर बसतील का?

तुमची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरची, नटांनी स्टडवर बसणाऱ्या चाकांची. कारखान्याच्या १४×५ (इंचांत व्यास × रुंदी) रोस्टाइल, म्हणजे पोलादी रिम, १६५ आर १४ टायर (१६५ मिमी रुंद, १४ इंची रिमसाठी). त्याजागी १५×७ अलॉय आणि २०५/५० आर १५ टाकावेत का, असं विचारलंय. बॉडीला हात न लावता हा जोड धड बसत नाही. पुढे जमवून नेलंत तरी मागे, त्यातही डावीकडे, अडणार. माझं मत स्पष्ट आहे: रिम १५×५.५ किंवा फार तर १५×६, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूपर्यंतचं अंतर) २० ते २५ मिमी, आणि टायर १८५/६५ आर १५ (६५ म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के).

आधी टायरचा व्यास बघा. मूळ १६५ आर १४ साधारण ६२५ मिमी. १८५/६५ आर १५ भरतो ६२१, म्हणजे जवळपास तोच. २०५/५० आर १५ मात्र फक्त ५८६. रिम मोठी झाली तरी चाक एकूण लहानच झालं. गाडी जवळजवळ २० मिमी खाली बसते, आणि या गाडीचा एक्झॉस्ट आधीच जमिनीला टेकायला आलेला असतो. स्पीडोमीटर सुमारे साडेसहा टक्के जास्त दाखवतो. ओव्हरड्राइव्ह (इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर) नसेल तर ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला ३,९०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, ते ४,१५० च्या वर जातं. हायवेवर तासभर चालवलीत की हा फरक कानाला कळतो.

आता रुंदी आणि ऑफसेट. रोस्टाइलचा ऑफसेट साधारण २२ मिमी धरा. १५×७, ऑफसेट २५ अशी रिम लावली तर बाहेरची कड २२ मिमी बाहेर सरकते आणि आतली २८ मिमी आत. १५×६ ला हेच आकडे १० आणि १६ मिमी. आतल्या बाजूला मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) आणि आतला पत्रा, पुढे पूर्ण वळणावर अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलू न देणारी सळई). बाहेरच्या बाजूला मडगार्डची दुमड, म्हणजे आत वळवलेली पत्र्याची कड. ऑफसेट कमी करून चाक बाहेर काढणं हा उपाय वाटतो, पण तसं केलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि स्टेअरिंग जड होतं. पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाडीत पार्किंग करताना ते जाणवतंच.

डाव्या मागच्या चाकाचं काय, तर एमजीबीच्या मागच्या दोन बाजूंना सारखी जागा बहुधा नसतेच. ॲक्सल बॉडीच्या बरोबर मधोमध बसलेला नसतो आणि डावीकडे जागा कमी पडते. त्यामुळे उजवीकडचं माप घेऊन ऑर्डर देऊ नका. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. जी बाजू कमी भरेल तीच खरी धरायची. कमानपाट्यांचे रबरी बुश झिजले असतील तर आधी ते बदला, कारण वळणावर ॲक्सल आडवा सरकतो आणि उभ्या गाडीत मोकळं दिसणारं चाक तिथे घासतं.

रिम विकत घेण्याआधी दुकानदाराकडून एकच चाक टायरसह मागून घ्या आणि ते डाव्या मागच्या बाजूला लावा. डिकीत वजन ठेवा आणि ॲक्सलचं डावं टोक जॅकने बंप स्टॉपपर्यंत (ॲक्सल वर जाऊन टेकतो तो रबरी ठोकळा) उचला. दुमड आणि टायर यांच्यामध्ये मुलांच्या खेळण्यातल्या प्लॅस्टिसिनचा गोळा दाबून ठेवा. चाक वर जाताना तो किती चेपतो ते बघायचं. १० मिमीपेक्षा पातळ झाला तर ते माप तुमच्या गाडीचं नाही. मग तेच चाक पुढे लावा आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून अँटी-रोल बारपाशी तपासा. शेवटी टायरच्या खांद्यावर खडू फासून खड्ड्यांच्या रस्त्यावर एक फेरी मारा. जिथला खडू पुसला गेला तिथे घासतंय.

दोन-चार मिमीच कमी पडत असतील तर दुमड आत वळवता येते. हीट गनने रंग कोमट करून, रोलरने, हळूहळू. पण तिथे बाहेरचा आणि आतला पत्रा जोडलेला आहे. सांधा उघडला की पाणी शिरतं आणि आतून गंज धरतो, म्हणून नंतर सीम सीलर (सांधा बुजवणारी पेस्ट) भरायचाच. कापून मात्र टाकू नका. १९९२ साली रोव्हरने आरव्ही८ (एमजीबीचंच व्ही८ इंजिनचं रूप) काढली तेव्हा १५×६ रिमवर २०५/६५ टायर बसवण्यासाठी मडगार्डच फुगवले होते.

नटांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात. स्टड अर्धा इंच यूएनएफ (बारीक आट्यांचं इंची माप), इंचाला २० आटे. अलॉयचा मधला भाग जाड असतो, त्यामुळे मूळ नट पुरेसे चढत नाहीत. नट घट्ट होईपर्यंत किमान १० पूर्ण फेरे फिरला पाहिजे. कमी फिरला तर लांब स्टड टाका. नटाची बैठक रिमशी जुळायला हवी: शंकूच्या बैठकीला शंकूचा नट, सपाट बैठकीला वॉशरसह नळीचा. रिमच्या मागे जाड स्पेसर टाकणं मी टाळीन. नट ६० ते ६५ फूट-पाउंडला, टॉर्क पान्यानेच, आणि ५० मैलांनी पुन्हा. अलॉय नवं असताना नट थोडे ढिले पडतातच.

पुढचं बेअरिंग आणि किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ) याच वेळी तपासा. जॅकवर चाक वर-खाली हलवून खटका येत असेल तर नवे टायर तो दोष झाकणार नाहीत, उलट स्टेअरिंगला थरथर आणतील. हवेचं सुरुवातीचं माप पुढे २४, मागे २६ पीएसआय ठेवा, मग टायरची झीज बघून एक-दोनने बदला.

१४ इंचीच ठेवायचे असतील तर १८५/७० आर १४ चांगले, व्यास ६१५. दुकानात १६५ आर १४ च्या पुढे सी लिहिलेला मिळाला तर तो व्हॅनचा टायर आहे; या हलक्या गाडीला तो कडक पडतो. गाडी इंग्लंडात असेल तर रिम बदलल्याचं विमा कंपनीला लेखी कळवा.