गणितात ६२, मग इंजिनिअरिंग झेपेल का?

बारावीचा निकाल लागला की पालकांची एक चिंता ठरलेली असते: गणितात मार्क कमी आहेत, इंजिनिअरिंग झेपेल का? सायलीचे बाबा (नाव आणि थोडे तपशील बदलले आहेत) हीच चिंता घेऊन माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आले. नागपूरच्या महाल भागात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. "गणितात ६२ आहेत, मॅडम. पहिल्याच वर्षी एम-वनमध्ये बॅक लागली तं? घरचे म्हणून राहिले, बीकॉम करू द्या." एम-वन म्हणजे इंजिनिअरिंगचा गणिताचा पहिला पेपर, आणि बॅक म्हणजे त्यात नापास होणं. सायली गप्प.

मी तिच्या सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका मागवल्या. नुसत्या ६२ वरून काही कळत नाही, चुका कुठे झाल्या ते पाहावं लागतं. सायलीची रीत बहुतेक ठिकाणी बरोबर होती; घाईत चिन्ह चुकायचं, नाहीतर शेवटची पायरी राहायची. काही मुलांनी उदाहरणं पाठ केलेली असतात, आकडे बदलले की ती अडकतात. तसं असतं तर मीही बीकॉमच सुचवलं असतं. कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स इंजिनिअरिंगमध्ये टळत नाहीत. "पुढे गणित लागतच नाही" असं सांगून प्रवेश घ्यायला लावणाऱ्यांचा मला राग येतो.

मग विचारलं, दुकानात काय करतेस? गिऱ्हाइकाने खोलीचं माप सांगितलं की ही टाइल्स किती लागतील ते काढते, तुटफुटीसाठी थोड्या जास्त धरते. रंग न्यायला आलेल्याला आधी विचारते, भिंतीला ओल कुठून येते? बाबांच्या लेखी ही दुकानदारी. मोजमाप, अंदाज, आणि उपायाआधी बिघाडाचं कारण शोधणं. इंजिनिअरला पगार याचाच मिळतो.

तरी नुसत्या माझ्या शब्दावर निर्णय नको, म्हणून बेसा भागातल्या एका ओळखीच्या इंजिनिअरच्या साइटवर दोघांना पाठवलं. उन्हाळा सरला नव्हता. स्लॅबचं काँक्रीट ऊन चढायच्या आत टाकायचं होतं. सायली परत आली ती हसतच. "मॅडम, ते सर तं सकाळपासून भांडूनच राहिले होते!"

भांडण पाण्यावरून. उन्हात काँक्रीट लवकर आवळतं, पसरवायला जड जातं, म्हणून मिस्त्री वरून पाणी ओतायला निघाला होता. जादा पाण्याने काम सोपं होतं, पण ताकद घटते. सरांनी स्लम्प (ओलं काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) मोजला, पाणी घालू दिलं नाही. चाचणीसाठी १५० मिलिमीटरचे क्यूब भरून घेतले. २८ दिवसांनी ते मशीनमध्ये दाबून फोडतात आणि ताकद कळते. कोरड्या, गरम हवेत स्लॅब निदान १० दिवस ओला ठेवावा लागतो. तेही त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं आणि मुकादमाला समजावलं.

त्या सकाळी गणित लागलं ते प्रमाणाचं आणि एककांचं. बाकी सगळं होतं अनुभवी मिस्त्रीचा मान राखून त्याला "नाही" म्हणणं, स्वच्छ लिहिणं आणि त्याखाली सही करणं. डिझाइन ऑफिसात गणित जास्त असतं. तिथे आकडेमोड सॉफ्टवेअर करतं, पण किलोन्यूटनच्या जागी टन भरले गेले तर आलेलं उत्तर खोटं आहे हे माणसालाच ओळखावं लागतं.

"मंग कॉम्प्युटरच घेऊ ना जी, पॅकेज चांगलं असते," बाबा म्हणाले. कॉम्प्युटरवाल्याचाही बराच वेळ गिऱ्हाइकाला नेमकं काय हवं ते समजून घेण्यात आणि दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात जातो, हे मी सांगितलं. तासन्‌तास स्क्रीनसमोर बसून हे करायचं आहे का, यावर सायली स्पष्ट "नाही" म्हणाली. (माझ्यापेक्षा तिच्या तोंडून ते ऐकणं बाबांना गरजेचं होतं.) नागपुरात तर वाटा बऱ्याच आहेत: कोराडीचं वीजकेंद्र, वेस्टर्न कोलफिल्ड्स, बुटीबोरी-हिंगण्याचे कारखाने, मेट्रो.

कॉलेज सुरू होईपर्यंत रोज थोडी गणितं, घड्याळ न लावता, प्रत्येक पायरी लिहून सोडवायची, एवढंच काम मी तिला दिलं. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्ममध्ये तिने सिव्हिल सगळ्यात वर टाकलं.

बाबांची शेवटची शंका उरलीच. "पण पोरगी उन्हात उभी राहीन?" सिव्हिलमध्ये डिझाइन, एस्टिमेट, पाणीपुरवठा, मटेरियल टेस्टिंगची लॅब असं बरंच काही आहे, हे सांगितलं. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं साइटवर काढली तर पुढे ड्रॉइंग काढताना हात अडत नाही, आणि नागपूरचं ऊन काही कमी होणार नाही, हेही सांगितलं. "पाहू जी," म्हणत त्यांनी प्रवेशाच्या कागदपत्रांची यादी लिहून घ्यायला पेन काढला.