हावरट सवय की आजार?

प्रश्न : नेरूळला पीजीत राहते, वय २२. रात्री सगळ्या झोपल्या की ब्रेडचा अख्खा पुडा, फरसाण, दिसेल ते खाते, मग उलटी काढते. सकाळी रिकामा पुडा स्टेशनजवळ टाकते. वजन नॉर्मल, म्हणून कुणाला शंका नाही. दातांना मात्र गार पाणी झोंबतं. मी इतकी हावरट कशी?

उत्तर : 'हावरट' हा शब्द आधी खोड बाई. हा बुलिमिया असू शकतो, डॉ. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये वर्णन केलेला आजार. वजनावरून तो कळत नाही. दात झोंबतात ते पोटातल्या आम्लामुळे. उलटीनंतर लगेच ब्रश नको, नुसती चूळ भर. दातांहून मला काळजी रक्तातल्या पोटॅशियम या क्षाराची : उलट्यांमुळे ते उतरलं की हृदयाचे ठोके बिघडतात. याच आठवड्यात डॉक्टरांना उलट्यांचं खरं सांग, रक्त तपासून घे. चक्कर किंवा धडधड वाटली तर थेट कॅज्युअल्टी गाठ.

पुढे मानसोपचारतज्ज्ञ. सीबीटी ही बोलण्यातून विचार आणि सवयी बदलायची उपचारपद्धती यावर चांगली लागू पडते. त्यात सुरुवातीचं काम म्हणजे वेळेवर जेवणं! दुपारचा डबा टाळलास की रात्री भूक व्याजासकट वसूल करते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत, चोवीस तास. मराठीत बोलता येतं. आईला कधी सांगायचं ते तू ठरव. डॉक्टरांपुढे तोंडून शब्द फुटला नाही, तर हेच पत्र त्यांच्या टेबलावर ठेव.