‘गॉन्टलेट’ भाषांतरात आला तर
इंग्रजीत ‘गॉन्टलेट’ दिसला की लगेच ‘हातमोजा’ लिहून मोकळा होऊ नकोस. मध्ययुगीन युरोपातल्या चिलखताचा तो भाग: आत चामडं, वर एकमेकांवर सरकणाऱ्या पोलादी पट्ट्या. समोर फेकला की द्वंद्वाचं आव्हान, उचलला की स्वीकार. फेकणाऱ्यासाठी ‘शड्डू ठोकला’ चपखल बसतं. उचलणाऱ्यासाठी ‘विडा उचलला’ लिहायचा मोह होईल, पण विडा कामगिरीचा असतो, द्वंद्वाचा नाही. तिथे साधं ‘आव्हान स्वीकारलं’ बरं.

खरी गोची ‘रन द गॉन्टलेट’ या वाक्प्रचाराची. त्याचा मोज्याशी काडीचा संबंध नाही! तो स्वीडिश ‘गाटलोप’चा अपभ्रंश: शिक्षा झालेल्याला दोन रांगांमधून पळवायचं, दोन्हीकडून फटके. पत्रकारांच्या गराड्यातून निघणाऱ्या मंत्र्यालाही हाच वाक्प्रचार लावतात. तेव्हा ‘प्रश्नांचा भडिमार झेलत’ असं काहीतरी लिही.