नवीन सील टाकलं तरी गिअरबॉक्स गळतोच आहे

प्रश्न : नमस्कार, माझ्याकडे मजदाची एमएक्स-5 मियाटा आहे, पहिल्या जनरेशनची, 5 स्पीड मॅन्युअल. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, जिथे प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) आत जातो तिथून ऑइल गळत होतं म्हणून ऑइल अडवणारं रबरी सील बदलून घेतलं. तीन महिने पण झाले नाहीत आणि परत खाली थेंब दिसायला लागलेत. सीलच डुप्लिकेट निघालं असेल का? आणि या वेळी स्वतः करायचं म्हटलं तर जमेल का?

उत्तर : जमेल, नक्की जमेल, एक सुट्टीचा दिवस मोकळा ठेवा. पण सीलला नावं ठेवायच्या आधी ते ज्याच्यावर घासतं तो भाग बघा ना! एवढ्या लवकर परत गळायला लागलं की मला पहिला संशय योकवरच येतो. योक म्हणजे प्रोपेलर शाफ्टचं पुढचं गुळगुळीत टोक, जे गिअरबॉक्समध्ये सरकवलेलं असतं. तुमच्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) एका लांब अॅल्युमिनियमच्या फ्रेमने एकमेकांना घट्ट जोडलेले आहेत, त्यामुळे योक मागेपुढे फारसा सरकतच नाही आणि सीलची कड वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घासत राहते. शाफ्ट काढल्यावर योक स्वच्छ पुसा आणि त्यावर नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडलीय, मग कितीही भारी सील टाका, ऑइल त्या खाचेतून वाट काढणारच. अशा वेळी वर बसवायची पातळ स्टीलची रिपेअर स्लीव्ह मिळते, नाहीतर योक बदलायचा.

दुसरी गोष्ट बुश. योक गिअरबॉक्सच्या शेपटात एका बुशमध्ये, म्हणजे आधार देणाऱ्या धातूच्या नळीत फिरतो. शाफ्ट काढायच्या आधीच योक हाताने वर-खाली हलवून बघा, खडखड प्ले जाणवला तर बुश गेलंय, आणि हलणाऱ्या योकवर सीलची कड टिकत नाही. तिसरा ब्रीदर. गिअरबॉक्स तापला की आतली हवा फुगते, ती बाहेर पडायची वाट चिखलाने बंद झाली असेल तर प्रेशर सीलवर येतं. साफ करायला दोन मिनिटं लागतात पण बघतं कोण...

आणि हो, गळती खरंच तिथूनच आहे ना? चालत्या गाडीखाली ऑइल वाऱ्याने मागे उडतं. सगळं पुसून कोरडं करा, एक चक्कर मारून या आणि सगळ्यात पुढचा ओला डाग शोधा. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, लगेच ओळखू येतो. डाग बेल हाउसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात त्या घंटेसारख्या भागाखाली असेल तर ते इंजिनचं मागचं सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं, त्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, ते वेगळं काम.

आता कामाचं. गाडी चारही बाजूंनी सारखी उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली अजिबात जायचं नाही. आधी फिलर बोल्ट (ऑइल भरायच्या भोकाचा) सैल होतोय का बघा, मगच ड्रेन (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) उघडा, कारण ऑइल काढून टाकलं आणि मग फिलर जाम निघाला तर गाडी जागेवरच अडकली. शाफ्ट आणि डिफरेन्शियलच्या फ्लँजवर (दोन्ही जिथे बोल्टने जोडतात त्या चकतीवर) खूण करून चार बोल्ट काढा म्हणजे परत तसाच जोडता येईल. ती लांब फ्रेम शक्यतो सैल करू नका, केली तर नंतर उंची मोजून सेट करत बसावं लागतं.

जुनं सील किती आत बसलंय ते आधी मोजून ठेवा आणि काढताना स्क्रूड्रायव्हरने हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर ओरखडा पडू देऊ नका. माझ्या हातून एकदा पडला होता, सील नवीन आणि गळती बाहेरच्या कडेने, सगळं परत खोलावं लागलं, तेव्हापासून मी इथे घाई करतच नाही. नवीन सीलची स्प्रिंगवाली बाजू आत, ऑइलकडे. सीलच्या आतल्या कडेला गिअर ऑइल लावा, बाहेरच्या कडेएवढा सॉकेट किंवा पाइप ठेवून हळूहळू सरळ ठोका, तिरकं गेलं तर आतली बारीक स्प्रिंग सुटून पडते आणि बाहेरून काहीच कळत नाही. योक घालताना पण सरळ, ढकलाढकली नको.

ऑइल साधारण 2 लिटर लागतं, 75डब्ल्यू-90 जाडीचं, ग्रेड गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलाय तोच, कारण काही गिअर ऑइलमधलं गंधक आतल्या पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या कड्या) खातं. गाडी लेव्हलमध्ये असताना फिलरच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागलं की बोल्ट लावून टाका.

योकवर नख अडकलं की नाही ते मात्र मला कळवा.