जुन्या टी-शर्टांची झबली

प्रश्न : सुनेला सातवा महिना आहे. मुलाच्या जुन्या सुती टी-शर्टांची झबली मी शिवून पाहिली, पण कापड ताणले की शिवणीचा धागा तुटतो. काय चुकत असावे?

उत्तर : आपण निवडलेले कापड उत्तम आहे, कारण अनेक धुण्यांनी मऊ झालेली होजियरी बाळाच्या त्वचेला टोचत नाही. चूक आहे ती टाक्यात. होजियरीसारखे फाशांनी विणलेले कापड ताणले जाते, सरळ टाका मात्र ताणला जात नाही. म्हणून शिलाई यंत्रावर बारीक झिगझॅग टाका लावावा आणि गोलसर टोकाची बॉलपॉइंट सुई वापरावी, म्हणजे ती विणीतले फासे न तोडता त्यांच्यामधून जाते. कापड बेतताना त्याचा ताण बाळाच्या छातीभोवती आडवा येऊ द्यावा. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे डोक्यातून घालायच्या बंद गळ्यापेक्षा समोरून उघडणारे, बाजूला बांधायचे झबलेच मला अधिक सोयीचे वाटते. टी-शर्टाची मूळ खालची दुमड झबल्याच्या कडेला तशीच घ्यावी. तेवढे श्रम वाचतात. शिवणी बाहेरच्या बाजूस ठेवाव्यात, बांधायचे बंद आखूड असावेत आणि बटणे लावूच नयेत, कारण सुटलेले बटण बाळाच्या तोंडात जाऊ शकते.